तपासणी खर्च

लिफ्टच्या दोरांची ऑर्डर टाकली की संगणक कर, वाहतूक आणि तपासणीचा खर्च आपणहून लावायचा. मालक वैतागले. "ताई, ती तपासणी खोडत चला बरं. दोराला काय परीक्षेला बसवायचंय?"

दर वेळी कोण खोडत बसणार, म्हणून हिशेबनीस ताईंनी तो खर्च संगणकातून कायमचाच काढून टाकला. खर्च लावला नाही की कारखाना दोर न तपासताच पाठवायचा.

आज मालक भलतेच खुशीत होते. "ताई, आईच्या इमारतीत आपलीच लिफ्ट बसवली! गुडघ्यांपायी बिचारी घरात कोंडली होती."

"आणि दोर, साहेब?"

"तपासलेला हो! तिथे हयगय नाही. ऑर्डर मी स्वतः टाकली आणि तपासणी मुळीच खोडली नाही. संगणक लावतोच ना ती आपणहून?"

ताई ताडकन खुर्चीतून उठल्या. त्या काही बोलणार, तोच मालकांचा फोन वाजला.



"हां आई, शिरलीस ना आत? मग घाबरतेस कशाला, दाब सगळ्यात वरचं बटण."