एकसारख्या बरण्या

भाजी गोड लागली. तिने घास तोंडातच फिरवला आणि समोर बघितलं. बाबा ताटात मान घालून जेवत होते.

"जरा साखर घातलीय मुद्दाम," ते म्हणाले. "बदल म्हणून."

छान लागतेय, असं ती म्हणाली. सकाळी दूध नासलं म्हणून त्यांनी चहा मोरीत ओतून दिला, तेव्हाही तिने काही विचारलं नव्हतं. विचारायला अंगात त्राण लागतं. ती लोकांच्या वेबसाइट बनवायची, घरी बसूनच, आणि दोन गिऱ्हाइकं सकाळपासून तिच्या मागे लागली होती. स्वयंपाक बाबा करत होते म्हणून तिचं कसंबसं निभत होतं. वय झालं, लक्ष राहत नाही, एवढं मनाशी म्हणून तिने पोळीबरोबर भाजी संपवली.

दादाला मात्र हे कळायला नको होतं. मागे ओट्यावरचं फडकं पेटलं तेव्हा त्याने फोनवरूनच निकाल देऊन टाकला होता: पुन्हा असं काही झालं तर बाबांचा स्वयंपाक बंद, सरळ बाई लावायची. बाबा शेजारीच उभे होते. फडकं जुनंच होतं, एवढंच ते म्हणाले. त्यानंतर त्यांच्या हातून साधा भातसुद्धा बिघडला नव्हता, तो या आठवड्यापर्यंत.

रविवारी तिने स्वयंपाकघर लावलं होतं. कामाचा उरक कसा वाढवायचा यावर ती हल्ली मिळेल ते वाचायची. थकलेल्या माणसाला असल्या वाचनाची फार ओढ असते. जास्त लागणारी वस्तू जवळ हवी, एका कामाच्या वस्तू एकत्र हव्यात, वगैरे. जुने डबे, कुठला पत्र्याचा, कुठला पोचे आलेला, कुठला झाकण घट्ट बसणारा, तिने एका दमात भंगारात काढले. त्यांच्या जागी काचेच्या एकसारख्या बरण्या आल्या आणि प्रत्येकीवर बारीक, फिकट राखाडी अक्षरांत नाव. तिच्या धंद्यात असल्या अक्षरांना नजाकत म्हणतात. कशाला उगाच, चाललंय ना, असं बाबा दोनदा म्हणाले. म्हाताऱ्या माणसांना बदल नकोच असतो, असं म्हणत तिने बरण्यांचा फोटो काढला. मैत्रिणींनी तोंडभरून कौतुक केलं.

जेवून ती कामाला बसते न बसते तोच फर्निचरवाल्याचा फोन आला. त्याच्या दुकानाची वेबसाइट चांगली चालली होती, पण त्याच्या मेहुण्याच्या मते खरेदीचं बटण चुकीच्या जागी होतं. ते वर न्यायचं आणि बाकीच्या बटणांसारखंच करायचं, म्हणजे कसं नीटनेटकं दिसेल. तिने परोपरीने समजावलं.

"नेहमी येणारा माणूस वाचत नाही हो," ती शेवटी म्हणाली. "त्याचा हात आपोआप तिथे जातो. जागा हलवली की तो चाचपडत बसतो."

मेहुणा म्हणतोय म्हणजे विचार करूनच म्हणत असणार, असं उत्तर आलं. बरं, करते, म्हणून तिने फोन ठेवला. वाद घालून जिंकण्यापेक्षा हरून लवकर सुटणं तिला हल्ली बरं वाटायचं. डोकं ठणकत होतं. चहा घ्यावा म्हणून ती उठली.

बाबांनी सगळ्या बरण्या झाकणं काढून ओट्यावर मांडल्या होत्या. एकीत बोट बुडवायचं, जिभेला लावायचं, मग पुढची. एका बरणीला त्यांचं तोंड वेडंवाकडं झालं; खायचा सोडा असावा. त्यांनी चूळ भरली, ती बरणी बाजूला सारली आणि दाराकडे बघितलं. ती दारातच उभी होती. ते थेट तिच्याकडे बघत होते. मग वळून त्यांनी पुढच्या बरणीत बोट बुडवलं.

हल्ली पेपरात काही राम राहिला नाही म्हणून त्यांनी तो का बंद केला, फोन वाजला की 'कोणाचा आहे बघ गं' असं का म्हणायचे, ते तिला आत्ता कळलं. त्यांचे हात जुने डबे ओळखत होते, आणि ते डबे ती भंगारात देऊन मोकळी झाली होती. तिला स्वतःचा इतका राग आला की रडूही येईना.

"बाबा," तिने हाक मारली.

ते दचकले. हातातलं झाकण खाली पडून घरंगळत गेलं. ते शोधायला बाबा वाकले नाहीत.

"चव बघत होतो," ते म्हणाले. "दादाला सांगणार?"

नाही सांगणार, म्हणणं सोपं होतं, पण ते पेटलेलं फडकं तिनेच विझवलं होतं.

"डॉक्टरकडे येतो मी, नाही म्हणत नाही," बाबा म्हणाले. "पण हा ओटा काढून घेऊ नकोस गं मने. दिवसभर नुसता बसून मी काय करू?"

ती आत गेली. खालचं झाकण उचललं, एकेका बरणीवरचं नाव वाचत मिठाची शोधून काढली. तिला स्वतःलाही डोळे बारीक करावे लागले.

"बाबा, मीठ कुठे असायचं?"

ते ओट्यासमोर नेहमीच्या जागी उभे राहिले. मान न वळवता त्यांनी डावा हात लांब केला, खिडकीजवळच्या रिकाम्या कोपऱ्यात. हात तिथे हवेतच थांबला, काहीतरी मोठं, गोल धरल्यासारखा.

"इथे," ते म्हणाले.

तिने बरणी त्या हातात दिली. बरणी बारीक होती. बोटं तिच्याभोवती मिटायला थोडा वेळ लागला.