सामाईक कप्पा

"प्रत्येक ऑर्डरचा मजकूर वेगळा ठेव रे बाबा. सर्व्हरच्या सामाईक कप्प्यात ठेवलास, तर एकाचं दुसऱ्याच्या गळ्यात पडेल," असं सिनियर ताईंनी त्या नव्या प्रोग्रामरला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. पण दोन गिऱ्हाइकं एकाच क्षणी थोडीच येणार, म्हणून फुलं पाठवायच्या वेबसाइटवरचे सगळ्यांचे निरोप त्याने एकाच कप्प्यात ठेवले.

आज सकाळी ऑर्डरींची झुंबड उडाली. नव्या नवरीला "लवकर बरे व्हा" पोचलं, आणि निवृत्त होणाऱ्या साहेबांना "तुझ्यावाचून करमत नाही". सगळं ऑफिस पोट धरून हसत होतं, तेवढ्यात त्याच्या आईचा फोन आला.

"वाढदिवसाची फुलं मिळाली हो! चिठ्ठीत लिहिलंयस तसं उद्या मुक्कामालाच येतोयस ना? अख्ख्या मजल्यावर सांगून झालंय माझं."

त्याने फुलांसोबत खरं तर लिहिलं होतं, "यंदाही जमणार नाही, आई."



त्याने कोड दुरुस्त केला, ज्यांचे निरोप चुकले त्या सगळ्यांना माफीचा संदेश धाडला, त्यातून आईला तेवढं हळूच वगळलं, आणि बॅग भरायला घरी निघाला.