अर्ध्या दाराबाहेर

"पेशंट बाहेर बसा. नातेवाईक आधी आत या," काजल सिस्टर म्हणाली आणि तिनं कोकिळाच्या नवऱ्याला, रूपरावांना, आत पाठवलं.

कोकिळा बाकावर बसली. बसली कसली, नुसती टेकली. पोटातली गाठ तिची, नागपूरहून आलेला रिपोर्ट तिच्या नावाचा, आणि बाहेर बसायचं मात्र तिनंच. गाठ साधी की तसली, एवढंच तिला कळायला हवं होतं. हिंगणीहून वर्ध्यापर्यंत एसटीत तिच्या डोक्यात दुसरं काही आलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंच्या खोलीला झुलतं दार होतं. दोन फळ्यांचं, गुडघ्यापासून खांद्यापर्यंत. लावायचं तर दार पुरतं लावावं, नाहीतर उघडं तरी ठेवावं. हे असलं अर्धवट दार कोणाच्या डोक्यातून निघालं देव जाणे. कूलरच्या घरघरीत आतला शब्द कळत नव्हता. खालून रूपरावांचे अनवाणी पाय तेवढे दिसत होते.

सिस्टर फाईल घेऊन आत गेली. फळ्या चारपाचदा हलल्या, तेवढ्या फटीतून आतलं दिसलं. डॉक्टरीणबाई कागदावर पेनानं काहीतरी काढून दाखवत होत्या. फळ्या थांबल्या. कोकिळा उठली, पाण्याच्या टाकीपर्यंत गेली, न पिताच परत आली.

"काऊन फिरून राह्यली व बाई? बस न," शेजारची बाई म्हणाली.

"बसून काय करू?"

सिस्टर बाहेर आली. पुन्हा फळ्या हलल्या. आता डॉक्टरीणबाईंनी पाण्याचा ग्लास रूपरावांपुढे सरकवला होता आणि ते तो घेत नव्हते. खाली त्यांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले होते, एकावर एक चढवून. कोकिळाला बाकाचा राग आला, दाराचा आला, त्या पायांचाही आला.

बऱ्याच वेळानं रूपराव बाहेर आले. चेहरा ओला होता, दुपट्ट्यानं नीट पुसलासुद्धा नव्हता.

"काई नाई," ते म्हणाले. "अशक्तपना आहे म्हनते. ताकतीच्या गोया देल्या."

"मंग इतका येळ?"

"बाई बोलते लय."

त्यांनी तिच्या हातातली पिशवी घेतली. जिन्यापाशी जाऊन थांबले.

"तू पुढे चाल. मी येतो मांगून."

बाजारात, लग्नाकार्यात, शेतात, रूपराव नेहमी चार पावलं पुढे आणि कोकिळा मागे. आज सकाळी बसस्टँडवरूनसुद्धा ते असेच तरातरा पुढे आले होते आणि ती मागून धापा टाकत आली होती. गाठ साधी असती, तर हा माणूस आतापर्यंत अर्धा जिना उतरला असता.

कोकिळा पुढे झाली, पण जिन्याकडे नाही. दोन्ही हातांनी फळ्या ढकलून ती सरळ आत शिरली आणि खुर्ची ओढून बसली.

"सांगा, बाई. आता मले सांगा."

डॉक्टरीणबाईंनी तिच्या मागे नजर टाकली. "काकू, मी काकांना सगळं सांगितलंय. थांबा, त्यांनाही आत बोलावते."

"नोका बलावू," कोकिळा म्हणाली. "त्यायले बसू द्या बाहेर. त्यायच्यानं ऐकवत नाई."