परत आणलेलं औषध

या मायबाप, जरा जवळ सरकून बसा, एका आजीची गोष्ट सांगतो. एमआरआयच्या खोलीत तंत्रज्ञ तिच्या शिरेत गॅडोलिनियम नावाच्या दुर्मिळ धातूचं औषध सोडणार होता. नियमाप्रमाणे त्यानं विचारलं, “आजी, दिवस गेलेले नाहीत ना?”

“या वयात? देवालाही हसू येईल रे.”

“विचारावं लागतं. पोटातल्या बाळासाठी हे औषध टाळतात. नंतर भरपूर पाणी प्या, लघवीवाटे निघून जाईल.”

“निघून कुठं जाईल?”

“गटारात, तिथून नदीत. पाणी शुद्ध करतात तिथंही ते गाळलं जात नाही. पण थोड्यानं काही होत नाही म्हणतात.”

“म्हणतात होय,” आजी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती घट्ट झाकणाचा कॅन कवटाळून हजर. “घे बाबा तुझं औषध, कालपासूनचा थेंबन् थेंब आहे. माझी लेक नदीच्या खालच्या अंगाला राहते, तेच पाणी पिते. तिला सातवा लागलाय.”

त्याला हसू येईना. दोन्ही हातांनी कॅन घेत तो म्हणाला, “बरं केलंत.” आजी निर्धास्त होऊन गेली. मग त्यानं मोठ्या डॉक्टरांना विचारलं, स्टोअरमध्ये विचारलं; असलं काही ठेवायची सोय अख्ख्या इस्पितळात नव्हती. शेवटी दार लावून त्यानं तो कॅन बेसिनमध्ये रिकामा केला आणि वरून नळ बराच वेळ सोडून ठेवला.

मायबाप, पाण्याचा पुढचा घोट घ्याल तेव्हा त्या लेकीची आठवण असू द्या.