आत्याच्या रेडिओतली नीरजा

गावच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे, त्याने सांधे आखडतात, ते पिऊ नका, असं नीरजाने स्वतः पाणी तपासून रेडिओवर सांगितलं, त्याला तीन आठवडे झाले होते. आज ती गावी आली, तर कुसुमआत्या ताठरलेले गुडघे सावरत त्याच बोअरवर कळशी भरत होती.

"आत्या, माझा कार्यक्रम ऐकला नाहीस?"

"ऐकला की! तूच म्हणालीस, आपलं पाणी चांगलं आहे. चल, या नव्या रेडिओवर मागचा कार्यक्रमही लागतो, ऐकवते."

घरी आल्यावर आत्याने रेडिओ लावला. आवाज नीरजाचाच होता, मध्येच येणारं हसूसुद्धा तिचंच. सांगणं तेवढं उलटं होतं.

तिने कार्यक्रमाचे निर्माते सोनटक्के यांना फोन लावून आत्याच्या रेडिओवर काय लागलं ते सांगितलं.

"मॅडम, आता यंत्रच तुमच्या आवाजात बोलतं, घरोघरी वेगळं सांगतं, ज्याला जे रुचेल ते. घाबरवलं की तुमच्या आत्या रेडिओ बंद करतात, हे त्याला ठाऊक आहे," ते म्हणाले. "आणि आवाज वापरायची परवानगी तुम्हीच दिलीत ना?"

नीरजाने फोन ठेवला आणि आत्याच्या हातातला बोअरच्या पाण्याचा पेला धरला. "हे पिऊ नकोस, आत्या. ती मी नाही."

"थांब गं जरा," दुसऱ्या हाताने रेडिओ मोठा करत आत्या म्हणाली, "नीरजाला बोलू दे."