शब्द पुढे करायचा नाही

"आजपासून प्रार्थना ही सांगेल," ताटं वाढून झाल्यावर भावाने बायकोकडे बोट दाखवलं. "अक्काला उगाच त्रास नको."

अक्काने चमचा उचलून टेबलावर ठक्कन आपटला. उजवा हात अजून तिचं ऐकत नव्हता, पण डाव्याला काही झालेलं नव्हतं.

या घरात जेवणाआधीची प्रार्थना अक्काच सांगत आली होती. ती पुढे म्हणणार, बाकीचे मागून. भाजीबाजारात लिलाव पुकारण्यात उभा जन्म गेलेला, त्यामुळे देवाशीही ती त्याच वेगात बोलायची. भाजी गॅसवर ठेवून सुरू केलं तरी करपायच्या आत आमेन हजर. मग डोक्यातली एक नस फुटली, आणि बाजार गाजवणारी जीभ शब्दाशब्दाला अडून बसायला लागली.

"मी... सांगणार."

"अगं, काल आमेन होईतो भाताचे दगड झाले," भाऊ समजुतीच्या सुरात म्हणाला. "देवाला सगळं कळतं. तू आपली मनात म्हण."

"देवाला... कळतं." अक्काने दम घेतला. "मला... कळायचंय."

भावाने बायकोकडे पाहिलं. तिने डोळे मिटून घेतले होते. नाइलाजाने त्यानेही मिटले.

अक्काने सुरू केलं. पूर्वी शब्द नुसते तोंडातून निघून जायचे. आता एकेक आतून ओढून आणावा लागे, आणि ओढताना त्याचं वजन हाताला लागे. 'पित्या' म्हणायला इतका वेळ गेला, की मधल्यामध्ये तिला स्वतःचा बाप आठवला, त्याच्याशी जुनं भांडण झालं, मिटलं, आणि मग कुठे शब्द आला.

रोजचं अन्न मागणाऱ्या ओळीत 'आज' म्हणून ती थांबली. दोघांनीही मागून 'आज' म्हटलं. शेजारी कुणीतरी नळ सोडला, बंद केला. आज ती भिंत न धरता मोरीपर्यंत जाऊन आली होती. जुन्या वेगात हे देवाला सांगायचं राहूनच गेलं असतं.

मग क्षमेची ओळ आली आणि जीभ रुतली. ज्याने आपलं वाईट केलं त्याला सोडून द्यायचं, असं त्या ओळीत होतं. इतकी वर्षं तिने ती लिलावातल्या शेवटच्या टोपलीसारखी उडवली होती. आज मात्र कुणाला सोडायचं ते तिला नीट दिसत होतं. तो समोरच बसला होता. त्याचं पोट गुरगुरत होतं.

तिने शब्द अर्ध्यावर आणला. आणखी थोडा.

"क्षमा," भावाने घाईघाईने शब्द पुढे केला.

अक्काने डोळे उघडले.

"माझा... होता... तो."

"काय तुझा?"

"शब्द." मग तिने डाव्या हाताने कपाळाला, छातीला, खांद्यांना स्पर्श करत क्रूसाची खूण केली. "पहिल्या... पासून."

"अक्का, अगं जेवण..."

भावजय उठली. तिने तिन्ही ताटांवर झाकणं ठेवली, गॅस बंद करून आली आणि खुर्ची पुढे ओढून बसली.

"मला नाही जमायचं सांगायला," ती नवऱ्याला म्हणाली. "मी तुमच्यापेक्षा घायकुतीची. तुम्ही सांगा, अक्का. आणि तुम्ही हो, शब्द पुढे करायचा नाही."

भावाने हात जोडले.

"हे..." अक्का म्हणाली.

"हे," दोघं म्हणाले.

अक्का पुढचा शब्द आणायला आत गेली. भावाच्या ओठांवर तो केव्हाचा येऊन उभा होता. त्याने तोंड उघडलं, अक्काकडे पाहिलं, आणि तसाच, शब्द तोंडात धरून, थांबला.