पाळणाघराची फीत

"फीत शेवंताताईच कापणार!" बायकांनी एकच गलका केला आणि मालकांनी मुकाट्यानं कात्री माझ्या हातात दिली. नवा कायदा आला म्हणून का होईना, आमच्या शिलाईच्या कारखान्यात अखेर पाळणाघर झालं. त्यासाठी नऊ वर्षं अर्ज करून करून मी त्यांचं डोकं खाल्लं होतं.

पहिला अर्ज लिहिला तेव्हा माझी पोर सहा महिन्यांची होती. बाळंतपणाची रजा संपलेली, घरात सांभाळणारं कोणी नाही. म्हटलं, पाळणाघर होईपर्यंत राहू दे गावाला बहिणीकडे. पोर बहिणीलाच आई म्हणू लागली. दर दिवाळीला ठरवायचे, यंदा तिला खरं सांगायचं. पण जीभ रेटली नाही.

आज हौसेनं दोघींना बोलावलं होतं. फीत कापली, टाळ्या वाजल्या. सुपरवायझरबाईंनी पोरीचा गाल ओढला. "तुझ्या आईनं केवढं भांडून मिळवलंय हे, माहितेय?"

पोर चकित होऊन बहिणीकडे वळली. "आई, तू इथे कधी भांडलीस?"

बहिणीचा चेहरा पांढरा पडला. ती काही बोलणार, तेवढ्यात मीच म्हणाले, "आई नाही गं, मावशी भांडली."